लष्करी ट्रकची मागची चॅसी वाढवताना

देवळाली कॅम्प आणि नाशिकरोडच्या बाजूला लहानाचे मोठे झालेल्या माणसाला लष्कराच्या ट्रकचे नवल राहत नाही, कारण तोफखान्याच्या गाड्या रोज दारावरूनच जात असतात. तोच ट्रक लिलावातून सुटून अंबडच्या किंवा सिन्नरच्या एखाद्या शेडमध्ये उभा राहतो आणि मालक सहज म्हणतो, "मागून दोन फूट वाढवून द्या," तेव्हा मात्र काम वाटते तितके सोपे नसते. आमच्याकडे ही मागणी बहुधा बोअरवेलच्या धंद्यातील लोकांची असते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांतील कच्च्या वाटांवर त्यांना चारही चाके ओढणारी गाडी हवी असते. केसिंगचा पाइप मात्र २० फुटांचा, म्हणजे सुमारे ६ मीटरचा असतो आणि तो लष्करी हौद्याच्या बाहेर बराच लोंबत राहतो.

या लेखात फक्त मागच्या हाऊसिंगच्या, म्हणजे मागच्या आसाच्या, मागे असलेला चॅसीचा भाग लांब करण्याचे काम सांगितले आहे. दोन आसांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, वाढवणे हे वेगळे आणि बरेच जोखमीचे काम आहे. त्यात प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकच्या नळ्या आणि स्टिअरिंगचे वळण असे सगळेच बदलते, म्हणून ते येथे घेतलेले नाही.

काही वर्षांपूर्वी अशीच दुसरीकडे वाढवलेली एक गाडी मागचा हौदा एका बाजूला झुकतो या तक्रारीवरून माझ्याकडे आली. मी आधी जोड पाहिला. वेल्डिंग सुबक होते आणि त्याला केसभरही तडा नव्हता. पुढे मातीचा आणि ऑइलचा थर पत्र्याने खरवडून काढल्यावर जोडाच्या साधारण वीतभर पुढे, चॅनेलच्या, म्हणजे चॅसीच्या लांब तुळईच्या, वरच्या आडव्या पट्टीवर तांबूस रेघ दिसली. ती रेघ उभ्या बाजूवर चार बोटे खाली उतरली होती. मजबुतीसाठी आतून लावलेली जाड प्लेट नेमकी तेथेच संपत होती, आणि तिचे टोक सरळ काटकोनात कापून वरच्या पट्टीला आडवे वेल्ड केलेले होते. त्या दिवसापासून माझे एक मत पक्के झाले आहे: वाढवलेली चॅसी सहसा जोडावर तुटत नाही, जोडाला दिलेला आधार जिथे अचानक संपतो तिथे ती तुटते. पुढची बहुतेक कृती या एका गोष्टीभोवती फिरते.

आधी कागद

ग्राइंडर हातात घेण्यापूर्वी लिलावाची कागदपत्रे नीट वाचावीत. लष्कराची निकामी वाहने बहुतांशी एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून विकली जातात. गाडी रस्त्यावर चालवण्यासाठी विकली आहे की केवळ भंगार म्हणून, हे त्या अटींत लिहिलेले असते. भंगार म्हणून घेतलेल्या गाडीवर चॅसी वाढवण्याचा खर्च करण्यात काहीच अर्थ नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६० खाली लष्कराच्या गाड्यांची वेगळी नोंदणी होते, आणि गाडी संरक्षणाच्या कामातून बाहेर पडली की तिला सर्वसाधारण नोंदणीची कलमे लागू होतात. त्यामुळे एमएच-१५ हा नाशिकचा क्रमांक मिळाल्याखेरीज पुढे सरकू नये.

त्याच कायद्याचे कलम ५२ फेरबदलाविषयी आहे. निर्मात्याने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणीपुस्तकात नमूद असलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, असे ते सांगते, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका घेतलेली आहे. म्हणून आराखडा, मापे आणि निर्मात्याच्या बॉडी बांधणीविषयक सूचना घेऊन पेठ रस्त्यावरील आरटीओ कार्यालयात आधी लेखी विचारणा करावी आणि मंजुरी हातात आल्यावरच काम काढावे. काम झाल्यावर मंजुरी मागणाऱ्याला चॅसी पुन्हा कापावी लागल्याचे मी पाहिले आहे. परवानगी मिळणार नसेल, तर गाडी स्वतःच्या खाणीच्या, शेताच्या किंवा यार्डाच्या आतच चालेल हे समजून घेऊनच निर्णय करावा.

मागच्या लोंबत्या भागाला, म्हणजे ओव्हरहँगला, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ९३ ने मर्यादा घातली आहे: तो व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. उदाहरणासाठी ४.२ मीटर व्हीलबेसची दोन आसांची गाडी धरू. तिची मर्यादा २.५२ मीटर होते. मूळचा ओव्हरहँग १.६ मीटर असेल आणि आपण ६०० मिलिमीटर वाढवले, तर तो २.२ मीटर होतो आणि नियमात बसतो. मात्र हे माप चॅसीच्या टोकापर्यंत न घेता गाडीच्या सर्वांत मागच्या भागापर्यंत घ्यायचे असते, त्यामुळे हौद्याचे फळके आणि त्याच्या बिजागऱ्याही त्यात धराव्यात. मागे दोन आस असलेल्या गाडीत मोजणीचा आरंभबिंदू वेगळा असतो. तो नियमाच्या मजकुरातूनच पाहून घ्यावा.

गाडी कोणती आहे

शक्तिमान ट्रक जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्याने आपल्याकडे तयार होत असे आणि त्याचे उत्पादन १९९६ साली थांबले. त्याच्यानंतर अशोक लेलँडचा स्टॅलियन आणि टाटाचा एलपीटीए हे ट्रक लष्करात रुळले. या तिन्हींची चॅसी शिडीसारखी असते: दोन लाँग मेंबर, म्हणजे लांबीच्या तुळया, आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर. पुढची कृती याच रचनेला लागू होते. टाट्राच्या गाडीचा कणा मात्र मधोमध जाणारी जाड नळी असतो. तिथे वरची शिडी वेगळ्या प्रकारे भार घेते, म्हणून टाट्राला ही कृती जशीच्या तशी लावू नये.

लष्करी चॅसीची आणखी एक खोड लक्षात ठेवावी. खड्ड्यांत आणि ओढ्यांत एक चाक वर व दुसरे खाली असताना तिला पिळ सोसावा लागतो, म्हणून ती ठरावीक मर्यादेपर्यंत पिळली जाईल अशीच बनवलेली असते. अनुभवी मिस्त्रीचाही मोह होतो की मागचा भाग प्लेटी लावून दगडासारखा घट्ट करावा. तसे केल्यास पिळ घट्ट भागात न शिरता त्याच्या सीमेवर गोळा होतो, आणि तडा तिथेच जातो.

काम घेण्यापूर्वी चॅसी पूर्ण खरवडून धुवावी. जुन्या मिस्त्रींची तडा शोधण्याची युक्ती अजूनही उपयोगी पडते: जागा स्वच्छ करून तिच्यावर रॉकेल लावायचे, पुसून कोरडी करायची आणि खडू घासायचा. तड्यात शिरलेले तेल काही वेळाने खडूवर ओलसर रेघ काढते. रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेलनेही काम भागते. जिथे शंका राहील तिथे डाय पेनिट्रंटचा, म्हणजे तड्यात शिरून तो उघड करणाऱ्या रंगाचा, लाल आणि पांढरा फवारा मारावा. सातपूर-अंबडच्या औद्योगिक दुकानांत त्याचे डबे मिळतात. दोन चॅनेल एकात एक बसवलेले असतील, तर त्यांच्या सांध्यात गंजाने फुगून पत्रा वर उचललेला आहे का, तेही पाहावे. गंजाने जाडी दहाव्या हिश्श्याहून जास्त खाल्लेली आढळली, तर मी स्वतः त्या गाडीचे काम घेत नाही.

थोडे गणित

वरच्याच गाडीत समजा टोकाजवळ, मागच्या आसापासून १.८ मीटर मागे, पंप आणि हत्यारपेटी मिळून १,००० किलो वजन येणार आहे. तरफेच्या नियमाने पुढच्या आसावरचा भार १,००० गुणिले १.८ भागिले ४.२, म्हणजे सुमारे ४३० किलोने कमी होतो आणि मागच्या आसावर १,४३० किलो वाढतो. मागच्या आसाची मंजूर क्षमता आणि टायरची क्षमता या आकड्याशी ताडून पाहावी. पुढची चाके हलकी झाली की घाटात, विशेषतः ओल्या रस्त्यावर, स्टिअरिंग हातात हलके लागते, आणि हे चालकाला आधीच सांगून ठेवावे.

आता चॅसीवरचा ताण पाहू. लाँग मेंबर २३० मिलिमीटर उंच, ७५ मिलिमीटर रुंद आणि ७ मिलिमीटर जाड आहे असे धरले, तर त्याचा छेद-गुणांक, म्हणजे वाकण्याला विरोध करण्याचे छेदाचे माप, सुमारे १६५ घन सेंटिमीटर येतो. जोड आसाच्या १.२ मीटर मागे घेतला आणि कच्च्या रस्त्यातील आदळआपटीसाठी भार तिप्पट धरला, तर चॅसीचे आणि हौद्याचे स्वतःचे वजन वगळून जोडापाशी ताण साधारण ५४ मेगापास्कल येतो. कमानपाट्याचा मागचा हँगर, म्हणजे पाट्याचे टोक चॅसीला धरणारा ब्रॅकेट, आसाच्या ०.७५ मीटर मागे असेल, तर तिथे हाच ताण सुमारे ९४ मेगापास्कल होतो. साधे आयएस २०६२ चे ई २५० पोलादही २५० मेगापास्कलपर्यंत टिकते, चॅसीचे पोलाद त्याहून बरेच सरस असते. म्हणजे निव्वळ ताकदीची इथे चणचण नाही. पाट्याच्या हँगरजवळ मागचा लोंबता भार सर्वाधिक वाकवतो, तिथे वरची आडवी पट्टी ताणली जाते, आणि ताणलेल्या पट्टीवर एखादे भोक, खाच किंवा वेल्डचे टोक आले की हजारो हादऱ्यांनंतर तडा सुरू होतो. हँगरच्या आसपास नवे भोक, खाच किंवा वेल्डचे टोक येऊ देऊ नये, हा या आकडेमोडीतून निघणारा खरा निष्कर्ष आहे.

खुणा आणि माप

बहुतेक यार्डांची जमीन पाणी वाहून जावे म्हणून उतरती केलेली असते, तेव्हा डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी घेऊन चॅसी चारही कोपऱ्यांवर समतल करावी. चाके अडवून, जोडाच्या पुढे आणि मागे भक्कम घोड्या लावून मागच्या भागाचे वजन घोड्यांवर उचलून घ्यावे, नाहीतर कापताच चॅनेल खाली बसते आणि तेच माप जोडात कायम राहते. जॅकवर सोडलेल्या चॅसीखाली कोणीही शिरू नये.

दोन्ही लाँग मेंबरवर सारख्या असलेल्या मूळ भोकांतून ओळंबे सोडून जमिनीवर खडूने खुणा कराव्यात आणि त्यांच्यामधील कर्ण मोजावेत. दोन कर्णांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर गाडी आधीच वाकडी आहे आणि ती सरळ केल्याशिवाय वाढवू नये. हे आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत, कारण वेल्डिंगनंतर त्यांच्याशीच तुलना करायची असते.

मागच्या टोकाच्या क्रॉस मेंबरवर ओढण्याचा हुक असतो. तो क्रॉस मेंबर रिव्हेट काढूनच सोडवावा: रिव्हेटचे डोके ग्राइंडरने घासायचे, मध्ये ड्रिल करायचे आणि पंचाने ठोकून बाहेर काढायचे. गॅस कटरने जाळून काढलेल्या रिव्हेटभोवती पोलाद कडक होते आणि भोक वेडेवाकडे होते. मूळ टोकाला थेट जोड देण्यापेक्षा चॅनेल ४०० मिलिमीटर मागे येऊन, म्हणजे आसापासून १.२ मीटरवर, कापणे बरे. टोकाच्या भागात जुन्या क्रॉस मेंबरची भोके दाटीने असतात आणि कित्येक गाड्यांत तिथे चॅनेलची उंचीही कमी होत गेलेली असते. नवा तुकडा त्यामुळे १,००० मिलिमीटरचा लागतो, ६०० चा नाही. माल मागवताना हे हटकून विसरले जाते.

नवा तुकडा

त्याच मॉडेलच्या भंगार गाडीचा निरोगी लाँग मेंबर मिळाला तर त्यासारखे दुसरे काही नाही. तो न मिळाल्यास बीएसके ४६ या चॅसीच्या पोलादाच्या किंवा मूळ पोलादाच्या बरोबरीच्या पत्र्यापासून, तीच जाडी, तीच उंची आणि कोपऱ्याची तीच गोलाई ठेवून, मोठ्या प्रेस ब्रेकवर चॅनेल वाकवून घ्यावे. बाजारातील तयार आयएसएमसी चॅनेल घेण्याचा मोह टाळावा: त्याच्या आडव्या पट्ट्या आतून उतरत्या असतात, मूळ चॅनेलशी सपाट जुळत नाहीत आणि आतला आधारही त्यात नीट बसत नाही. पत्रा वाकवताना त्याचा रोलिंगचा दाणा तुकड्याच्या लांबीच्या दिशेने जाईल हे कारखानदाराला बजावून सांगावे आणि गाडीवर बसवण्यापूर्वी वाकलेल्या कडेवर बारीक चिरा नाहीत ना, हे बोटाने चाचपून आणि भिंगाने पाहून खात्री करावी.

वेल्डिंग

बॅटरीच्या दोन्ही तारा सोडाव्यात आणि अल्टरनेटरचीही जोडणी काढावी. जुन्या लष्करी गाडीत इलेक्ट्रॉनिक कंट्रोल नसला, तरी अल्टरनेटरमधले डायोड वेल्डिंगच्या प्रवाहाने जळतात. अर्थिंगचा चिमटा जोडाजवळच स्वच्छ धातूवर लावावा, पाट्यावर किंवा हाऊसिंगवर नको. डिझेलची टाकी उतरवावी, हवेच्या ब्रेकच्या नळ्या बाजूला बांधाव्यात आणि पाट्यांवर ओले गोणपाट टाकावे. पाट्यावर पडलेली वेल्डिंगची एक ठिणगीही पुढे तड्याचे मूळ होऊ शकते.

७ मिलिमीटर जाडीच्या चॅनेलला दोन्ही बाजूंनी मिळून ६० अंशांची खाच करावी, मुळाशी दीड मिलिमीटर जाडी शिल्लक ठेवावी आणि दोन तुकड्यांत अडीच-तीन मिलिमीटरची फट ठेवावी. जुना आणि नवा तुकडा एका रेषेत राहावेत म्हणून सरळ, जाड अँगलचा तुकडा चॅनेलवर शिकंज्यांनी आवळून बांधावा आणि मगच टाके घालावेत. टाक्यांनंतर कर्ण पुन्हा मोजावेत. याच वेळी फरक निघाला तर टाका तोडून दुरुस्ती होते, पूर्ण वेल्डिंगनंतर होत नाही.

रॉड ई ७०१८ चा वापरावा आणि तो पाकिटावर छापलेल्या तापमानात भट्टीत तापवलेला असावा. नाशिकच्या जुलै-ऑगस्टमधल्या दमट हवेत उघड्या पाकिटातला रॉड अर्ध्या दिवसात ओलावा धरतो, आणि त्या ओलाव्यातला हायड्रोजन कठीण पोलादात आतून तडे पाडतो. पावसाळ्यात शक्य असेल तर हे काम पुढे ढकलावे. नसल्यास जोडाची जागा टॉर्चने गरम करून आधी ओल घालवावी. उभ्या बाजूचे वेल्डिंग खालून वर न्यावे, कारण वरून खाली ओढलेला वेल्ड दिसायला छान असतो पण मुळापर्यंत पोचत नाही. एकाच जागी सलग न थांबता डाव्या आणि उजव्या लाँग मेंबरवर आळीपाळीने छोटे पल्ले घ्यावेत. पाणी टाकून थंड करण्याची घाई कोणी करत असेल तर त्याला शेडबाहेर चहाला पाठवावे.

सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे आडव्या पट्टीची कड. वेल्ड सुरू करताना आणि थांबवताना खड्डा पडतो, आणि तो कडेवर आला तर तड्याला आयते तोंड मिळते. त्यासाठी पट्टीच्या कडेला त्याच जाडीचा छोटा तुकडा तात्पुरता टाक्याने लावावा, वेल्ड त्या तुकड्यावर सुरू करून पलीकडे त्याच प्रकारच्या तुकड्यावर संपवावा आणि नंतर दोन्ही तुकडे कापून कड घासून सपाट करावी. घासताना ग्राइंडरच्या रेघा चॅनेलच्या लांबीच्या दिशेने राहाव्यात. आडव्या रेघा म्हणजे बारीक खाचाच असतात. आतल्या बाजूने मूळ साफ करून तिथेही वेल्ड भरावा आणि तो चॅनेलच्या पृष्ठभागाशी सपाट घासावा, म्हणजे आतला आधार नीट बसेल. सगळे थंड झाल्यावर डाय पेनिट्रंटने तपासणी करावी. लाल रंग पुसून पांढरा फवारा मारला आणि तो दहा-पंधरा मिनिटे स्वच्छ राहिला, तरच पुढे जावे.

आतला आधार, आणि तो कुठे संपतो

जोडाच्या आतून बसणाऱ्या आधार-चॅनेलची जाडी मूळ चॅनेलपेक्षा जास्त नसावी आणि ते जोडाच्या दोन्ही बाजूंना चॅनेलच्या उंचीच्या दोन ते अडीच पट पसरलेले असावे. २३० मिलिमीटर उंचीला हे ५०० मिलिमीटरच्या आसपास येते. आपल्या उदाहरणात हाच हिशेब अंगाशी येतो. जोड १.२ मीटरवर आहे, त्याच्या पुढे ५०० मिलिमीटर गेले की आधाराचे टोक आसापासून ०.७ मीटरवर येते, आणि हँगर ०.७५ मीटरवर आहे. म्हणजे पुस्तकी माप पाळूनही आधार नेमका सर्वाधिक ताणाच्या जागी संपतो. अशा वेळी आधार हँगर ओलांडून आणखी २०० मिलिमीटर पुढे, ०.५ मीटरपर्यंत, न्यावा आणि हँगरचे बोल्ट दोन्ही चॅनेलमधून पार करावेत. तेवढ्यासाठी हँगर उतरवून पुन्हा बसवावा लागतो आणि एक दिवस जादा जातो. माझ्याकडे आलेल्या त्या गाडीत हाच एक दिवस वाचवला गेला होता.

आधाराचे टोक काटकोनात कधीच कापू नये. त्याच्या आडव्या पट्ट्या टोकाकडे उतरत्या कापाव्यात आणि उभ्या बाजूला माशाच्या शेपटीसारखा आत गेलेला आकार द्यावा, म्हणजे ताण एका रेषेवर न थांबता हळूहळू मूळ चॅनेलमध्ये उतरतो. कापलेल्या कडा कानशीने गोल कराव्यात. हौद्याच्या खालच्या रनरचे, म्हणजे चॅसीवर टेकणाऱ्या लांब लाकडी तुळईचे, टोक किंवा एखादा क्रॉस मेंबर आधाराच्या टोकाच्या रेषेत येणार नाही, एवढेही पाहावे.

आधार बसवताना मी वेल्डिंग वापरत नाही. दोन्ही चॅनेलच्या लागणाऱ्या पृष्ठभागांवर झिंकयुक्त प्रायमर लावून आधार शिकंज्यांनी दाबून बसवावा आणि उभ्या बाजूतून १६ मिलिमीटरचे, ८.८ दर्जाचे बोल्ट दोन ओळींत, वरखाली आळीपाळीने घालावेत. भोके आधी लहान पाडून रीमरने नेमक्या मापाला आणावीत. ढिल्या भोकात बोल्ट थोडा सरकतो आणि कालांतराने भोक लांबट होते. दोन भोकांत किमान ५० मिलिमीटर अंतर ठेवावे आणि आडव्या पट्टीपासून ४० मिलिमीटरच्या आत भोक पाडू नये. आडव्या पट्ट्यांत तर एकही भोक नको. बोल्ट साधारण २०० न्यूटन-मीटरला टॉर्क पान्यानेच आवळावेत आणि प्रत्येक नटावर रंगाची खूण ओढावी, म्हणजे सैल झालेला नट लांबूनही कळतो.

क्रॉस मेंबर, हुक आणि हौदा

नव्या टोकाला क्रॉस मेंबर हवाच, आणि मध्ये १ मीटरपेक्षा जास्त अंतर मोकळे राहत असेल तर आणखी एक घालावा. तो उभ्या बाजूंना गसेट प्लेट, म्हणजे कोपरा धरणारी पट्टी, देऊन बोल्टने जोडावा. ओढण्याचा हुक नव्या टोकावर बसवणारे बरेच असतात. मी तसे करत नाही. तोफ ओढण्यासाठी बसवलेल्या हुकामागे मूळ चॅसीत तिरप्या पट्ट्यांची भक्कम रचना असते. तशी रचना नव्या भागात न करता हुक बसवला, तर वळणावर ट्रेलरचा आडवा ओढा वाढवलेल्या भागाला बाजूला वाकवतो. हुक काढून ठेवावा आणि मालकाला गाडी ओढकामाला वापरू नये असे लिहून द्यावे.

हौदा बांधताना लाकडी रनर जोडावर अखंड असावा. यू-बोल्ट आवळताना चॅनेलच्या तोंडात लाकडी किंवा लोखंडी ठोकळा बसवणे विसरू नये. ठोकळ्याविना आवळलेला बोल्ट आडवी पट्टी खाली वाकवतो आणि तीच पट्टी ताण सोसणारी आहे. सायलेन्सरच्या आसपास ठोकळा लोखंडाचाच घ्यावा.

मागच्या दिव्यांच्या तारा २४ व्होल्टच्या असतात. त्या पिळून न जोडता कनेक्टरने लांब कराव्यात. गाडीचा मागचा कोन किती घटला हेही मोजावे: टोकाची खालची कड जमिनीपासून ०.९ मीटर आणि टायरपासून १.२ मीटर मागे असेल, तर कोन सुमारे ३७ अंशांचा असतो, ६०० मिलिमीटर वाढवल्यावर तो २७ अंशांवर येतो. लहान गाडी मागून खाली घुसू नये म्हणून लावायचा आडवा बार जमिनीपासून ५५० मिलिमीटरपेक्षा उंच चालत नाही, त्यामुळे हा कोन आणखी कमी होतो. सुरगाण्याच्या नाल्यांत उतरणाऱ्या चालकाला हे आकडे सांगितलेले बरे. मागे लाल आणि बाजूला पिवळी परावर्ती पट्टी लावावी. हिरवा रंगही बदलावा, कारण केंद्रीय नियमांतील नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कोणालाही लावता येत नाही. हौशी मालकांना हे सर्वांत जिवावर येते.

चाचणी

पहिल्या फेरीत निम्मा भार टाकून पन्नासेक किलोमीटर गाडी चालवावी आणि सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत. दुसरी तपासणी ५०० किलोमीटरनंतर पूर्ण भारासह करावी आणि कर्णांची मापे वहीतील मापांशी ताडावीत. त्यानंतर दर सर्व्हिसिंगच्या वेळी खाली शिरून, टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन, आधाराच्या पुढच्या टोकापाशी वरच्या आडव्या पट्टीची खालची बाजू पाहावी. मी गाडी सोडण्यापूर्वी त्या जागेवर वीतभर लांबीचा पांढऱ्या ऑइलपेंटचा पट्टा मारून ठेवतो आणि मालकाला सांगतो की बाकी चॅसी धुतली नाही तरी चालेल, पण एवढा पट्टा पुसून पाहायचा. काळ्या चॅसीवर तडा लपून राहतो, पांढऱ्या रंगावर त्याची तांबूस रेघ पहिल्याच नजरेत दिसते.